गाळातला कार्बन आणि लेकीचं करिअर

प्रश्न : मुलगी बी.एस्सी. रसायनशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला आहे. ध्रुवाजवळच्या समुद्रतळाच्या गाळावरून प्राचीन महासागराचा अभ्यास करायचा म्हणते. त्यासाठी तिनं रसायनशास्त्र सोडून भूविज्ञानाला जावं का? नोकरी मिळेल का? शिवाय बर्फात पाठवायची धास्ती वाटते. – एक आई, सातारा

ताई, रसायनशास्त्र मुळीच सोडू देऊ नका. हे काम बरंचसं त्याच विषयाचं आहे.

उदाहरणच घ्या. २००४ साली शास्त्रज्ञांनी उत्तर ध्रुवापासून सुमारे २५० किलोमीटरवर, लोमोनोसोव्ह पर्वतरांगेवर समुद्रतळ ४२८ मीटरपर्यंत खोदून गाळ वर काढला. एरवी सूक्ष्मजीवांच्या चुनखडी कवचांवरून जुन्या समुद्राचं तापमान काढतात. इथे ती फारशी नव्हतीच. भिस्त सेंद्रिय कार्बनवर, म्हणजे जीवांच्या अवशेषांतल्या कार्बनवर. त्यातल्या स्निग्ध रेणूंवरून कळलं, की साडेपाच कोटी वर्षांपूर्वी तिथलं पाणी सुमारे २३ अंशांपर्यंत तापलं होतं! त्यानंतरच्या, साधारण ४.९ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत ॲझोला सापडला. भातखाचरात खत म्हणून सोडतात त्याच जातकुळीचं, गोड्या पाण्यात वाढणारं हे नेचं. म्हणजे वरचं पाणी बरंच गोडं होतं. खालच्या जड, खाऱ्या पाण्यात ते मिसळेना, तळाशी ऑक्सिजन पोचेना, म्हणून कार्बन कुजून संपला नाही.

पण कार्बन जास्त दिसला म्हणजे समुद्रात जीव भरपूर होते, असं लगेच म्हणता येत नाही. नद्याही जमिनीवरचा पालापाचोळा आणून टाकतात. मग कार्बन-नायट्रोजनचं गुणोत्तर बघायचं : शैवालात ६ ते ८, जमिनीवरच्या झाडांत बहुधा २० च्या वर. तेवढ्यानंही भागत नाही, कार्बनची समस्थानिकं, म्हणजे वेगवेगळ्या वजनाचे कार्बनचे अणू, मोजावी लागतात. एकाच नमुन्याला असं पुन्हा पुन्हा उलटतपासायला मुलीला आवडतं का, ते आधी पाहा. ध्रुवाचे फोटो पाहून घेतलेला निर्णय इथे टिकत नाही.

बर्फाचं म्हणाल, तर बहुतेक दिवस प्रयोगशाळेतच जातात. आणि नागपूरला जन्मलेल्या समुद्रशास्त्रज्ञ डॉ. अदिती पंत १९८३-८४ च्या मोहिमेत अंटार्क्टिकाला जाऊन आल्या आहेत, तेव्हा मुलगी म्हणून अडवू नका.

पैशांचं मात्र स्पष्ट सांगते. कायमच्या जागा मोजक्या आहेत आणि पीएच.डी.नंतरही थांबावं लागतं. नेट-जेआरएफ ही संशोधनाची शिष्यवृत्ती मिळाली तर सुरुवातीला महिना ३७,००० रुपये आणि घरभाडं मिळतं. शास्त्रज्ञ व्हायचं नाही ठरलं, तरी गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री (मिश्रणातले रेणू वेगळे करून ओळखायची तंत्रं) येणाऱ्याला औषध कंपन्या विचारतात. तेलशोधात तर खडकातला सेंद्रिय कार्बन मोजणं हे रोजचंच काम.

एम.एस्सी.साठी गोवा विद्यापीठ आणि कोचीनचं कुसाट (विज्ञान व तंत्रज्ञान विद्यापीठ) बघा. गोव्यात राहिली तर वास्कोचं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र आणि दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था (एनआयओ) जवळ पडतात. प्रकल्पासाठी तिथल्या शास्त्रज्ञांना तिनं स्वतः ई-मेल करावा, तुम्ही नव्हे. आयआयटीचा पर्यायही ठेवायचा असेल, तर तिथल्या एम.एस्सी. प्रवेशाची जॅम परीक्षा फेब्रुवारीत असते आणि अर्ज साधारण आदल्या सप्टेंबरात सुटतात. तिसऱ्या वर्षात पाय ठेवताच तयारीला लागू दे.