गट आधी ठरव, फॉर्म मग भर

सप्रेम आशीर्वाद.

संकेतस्थळांच्या पुरस्कार स्पर्धेबद्दलचा तुझा मेल परवा रात्री वाचला आणि तू केलेली वाचनालयाची साइट लगेच मोबाइलवर उघडली. मुद्दाम मोबाइलवर, कारण परीक्षकही तेच करणार आहेत. साइट चांगली झालीय, त्याबद्दल भेटीत बोलू. आज तुझ्या दोन प्रश्नांपुरतंच लिहितो: अर्ज कोणत्या गटात करायचा, आणि गुण कशाचे देतात.

मी 'गट' म्हणतो. फॉर्मवर 'प्रवर्ग' छापलेलं असतं, आणि तो शब्द दिसला की आपल्याकडे माणसाचा हात जातीच्या दाखल्याकडे जातो. आमच्या ऑफिसातल्या एका पोराने पहिल्या अर्जाच्या वेळी खरंच विचारलं होतं, "सर, ओपन लिहू का?"

तू तीन गटांवर खूण केलीस: शासकीय, शिक्षण आणि सर्वोत्तम डिझाइन. पहिल्या दोन खुणा आधी खोड.

वाचनालयाला सरकारी अनुदान मिळतं म्हणून ते सरकारी कार्यालय होत नाही. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय अधिनियमाखाली मान्यता असलेली ही संस्था आहे. तिला अ, ब, क, ड यातला वर्ग मिळतो, त्यानुसार अनुदान येतं, पण कारभार संस्थेचं कार्यकारी मंडळच चालवतं. शासकीय गटात मोजपट्टीही वेगळी असते. केंद्र सरकारने सरकारी संकेतस्थळांसाठी २००९ मध्ये मार्गदर्शक तत्त्वं काढली, २०२३ मध्ये त्यांची तिसरी आवृत्ती आली. त्या गटातला परीक्षक माहिती अधिकाराचं पान कुठे आहे, मजकूर शेवटचा कधी तपासला याची तारीख आहे का, अंध माणसाचा स्क्रीन रीडर पान नीट वाचतो का, हे पाहतो. यातलं शेवटचं तुझ्याकडेही हवंच. पण पहिल्या दोन रकान्यांत तुझे गुण विनाकारण जातील.

शिक्षण गटात तुझ्या शेजारी कॉलेजांची प्रवेश पोर्टल आणि क्लासवाल्यांची ॲप बसतील. परीक्षक विचारणार, यात शिकवलंय काय? त्याला तुझ्याकडे उत्तर नाही. विद्यार्थी गटाकडे तू वळली नाहीस ते बरं केलंस. मंडळाने तुला बिलाचे पैसे दिलेत, ते काम व्यावसायिक झालं. मग ते पैसे कितीही कमी असोत. (कमीच होते, हे मला ठाऊक आहे.)

राहिला सर्वोत्तम डिझाइन. तिथेच सगळ्यांचा जीव अडकतो, माझाही अडकला होता. २०११ च्या सुमारास आम्ही एका गूळ उत्पादकाची साइट केली होती. उसाच्या फडापासून काहिलीपर्यंतची छायाचित्रं, पान सरकवलं की वाफ वर जायची. मी ती डिझाइन गटात घातली. शेजारी मोठ्या एजन्सींची दहा-बारा कामं, प्रत्येकाकडे आमच्यापेक्षा भारी वाफ. आम्ही कुठेच नव्हतो. पुढे एका परीक्षकाने चहा पिता पिता सांगितलं, की ऑर्डर देताना ढेपेचं वजन आणि टपालखर्च एकाच ओळीत दाखवायची तुमची पद्धत आम्हाला फार आवडली होती, पण डिझाइनच्या गुणपत्रकात तिला जागाच नव्हती. ई-कॉमर्स गटात त्याच ओळीला गुण मिळाले असते. गट निवडताना आपण शेजारी निवडतो, हे मला तेव्हा कळलं.

तुझी वाफ कुठे आहे ते मी सांगतो. घरबसल्या कळतं की पुस्तक कपाटात आहे की कुणी नेलंय, आणि नेलं असेल तर कधी परत येणार. पासष्ट वर्षांचे सभासद ते बघून मगच रिक्षा करतात, हे तू मेलच्या तळाशी ताजा कलम म्हणून लिहिलंस. अगं, अर्जाची सुरुवात तिथून कर! गट: सामाजिक संस्था. आणि दुसरा अर्ज सर्वोत्तम मराठी संकेतस्थळ या गटात. दोन्हीकडे एकच मजकूर चिकटवू नकोस. पहिल्यात सभासद आणि रिक्षा येऊ दे, दुसऱ्यात भाषा आणि शोध.

आता गुणांचं. आपल्याकडच्या स्पर्धांची गुणपत्रकं बहुतेक बाहेरच्या जुन्या पुरस्कारांवरून बेतलेली असतात, म्हणून मूळ माहीत असावं. इंटरनेटवरच्या कामांना १९९६ पासून दिले जाणारे वेबी पुरस्कार साइटला सहा बाजूंनी तपासतात: आशय, रचना व पानांतून फिरण्याची सोय, दृश्य मांडणी, कार्यक्षमता, संवादीपणा आणि एकूण अनुभव. (तिथे विजेत्याला भाषणाला पाच शब्द मिळतात. आपल्या शाल-श्रीफळ समारंभात अध्यक्षांना हे सुचवून बघावंसं वाटतं.) ऑवर्ड्स (Awwwards) या वेब-डिझाइनच्या पुरस्कारांचा हिशोब उघड आहे: डिझाइनला ४० टक्के, वापरसुलभतेला ३०, कल्पकतेला २०, आशयाला १०. आशयाला दहाच! वाचनालयाची साइट त्या तराजूत उणीच भरणार. म्हणून तुझ्या स्पर्धेच्या माहितीपत्रकात टक्केवारी दिली असेल तर ती आधी वाच आणि अर्जातल्या ओळी त्या प्रमाणात वाट. दिली नसेल तर आयोजकांना विचार. सांगायला टाळाटाळ झाली तर मला कळव, मग अर्ज करायचा की नाही तेच ठरवू.

परीक्षण कसं चालतं ते तुला ठाऊक नसणार. मी तीनदा त्या खुर्चीत बसलोय. रविवार, सभागृहाचं वायफाय रडतंय, टेबलावर गार झालेले बटाटेवडे, आणि एकेका साइटला सहा-सात मिनिटं. तुझ्या तीन महिन्यांना तेवढाच वेळ. एका वर्षी एका छान साइटला आम्हाला गुणच देता आले नाहीत. आत शिरायला ओटीपी लागत होता आणि तो कुणातरी सभासदाच्या मोबाइलवर जात होता. आम्ही तिघे एकमेकांकडे बघत बसलो, मग पुढची लिंक उघडली. तुझंही सभासदाचं पान ओटीपीमागे आहे. परीक्षकांसाठी खोटा सभासद तयार कर, त्याच्या नावावर दोन पुस्तकं टाक, एक मुदत संपलेलं, आणि आत जायची सोय अर्जाच्या पहिल्याच परिच्छेदात लिही. खऱ्या सभासदांची नावं, फोन नंबर त्यात अजिबात दिसता कामा नयेत.

पहिल्या पानावरचा वाचनालयाच्या इमारतीचा फोटो माझ्या फोनवर यायला जो वेळ लागला, तेवढ्यात मी चष्मा पुसून घेतला. पानाचा मुख्य भाग अडीच सेकंदांत दिसावा, हा गूगलचा दंडक परीक्षकांच्या तोंडी असतो. फोटो लहान कर. आणि तो आल्यावर खालचं 'शोधा' बटण एकदम घसरतं, माझं बोट 'देणगी' वर पडलं. चुकूनच, पण परीक्षकांना ही मंडळाची युक्ती वाटायला नको. फोटोची उंची-रुंदी आधीच लिहून ठेवलीस की घसरणं थांबेल.

पांढऱ्यावर केशरी अक्षरं सुरेख दिसतात, मान्य. साध्या आकाराच्या मजकुरासाठी अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणातला फरक किमान ४.५ ला १ हवा. तुझ्या केशरीचा तो २ च्या आसपास भरतो. पासष्ट वर्षांच्या सभासदाचं नाव अर्जात घेणार असशील तर आधी त्याच्या डोळ्यांचं बघ.

मराठी गटासाठी मात्र जास्त जागायला लागेल, आणि तिथेच तुला संधी आहे. बहुतेक जण इंग्रजी साइट भाषांतरित करून घालतात आणि ते लगेच दिसतं. तुझ्या शीर्षकातच बघ: इंग्रजी साच्यातलं अक्षरांमधलं अंतर तसंच राहिलंय, त्यामुळे 'वाचनालय' ची शिरोरेषा प्रत्येक अक्षरापाशी तुटते. देवनागरीत ते अंतर शून्य ठेव. दुसरं, 'ल' आणि 'श' हिंदी वळणाचे दिसतायत. मराठीचं वळण वेगळं आहे, शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयात ते ठरवूनही दिलंय. ज्या फाँटमध्ये दोन्ही वळणं असतात, तिथे पानाच्या कोडमध्ये भाषा 'एमआर' (mr, म्हणजे मराठी) अशी सांगितली की मराठी अक्षरं आपोआप येतात. तुझ्या पानाच्या कोडमध्ये भाषा अजून 'ईएन' (en, म्हणजे इंग्रजी) आहे. स्क्रीन रीडर तेच पाहून तुझं मराठी इंग्रजी आवाजात वाचायला जाईल, तो भाग वेगळाच.

आणि शोध. मी 'किर्तन' टाइप केलं, शून्य पुस्तकं. 'कीर्तन' केलं, तेवीस. परीक्षक घाईत ऱ्हस्वच लिहिणार, सभासदही. त्याहून खोडसाळ प्रकार 'दऱ्या' चा. हा 'ऱ्य' संगणकात दोन तऱ्हांनी साठवता येतो: नुक्तावाल्या, म्हणजे खाली टिंब असलेल्या 'ऱ' पासून, किंवा साध्या 'र' चा पाय मोडून (हलन्त देऊन) मध्ये न दिसणारा जोडक घालून. डोळ्यांना दोन्ही सारखेच, यंत्राला दोन वेगळे शब्द. ग्रंथपालांनी एका कीबोर्डवर नोंद केली आणि सभासदाने दुसऱ्यावर शोधलं की पुस्तक कपाटात असून हरवलं. नोंदी आणि शोधशब्द दोन्ही एकाच रूपात आणून मग जुळव, वेलांटी-उकारांनाही तिथेच सवलत दे. दोन दिवसांचं काम आहे. झालं की अर्जात नेमकी हीच दोन उदाहरणं घाल, आधी किती पुस्तकं सापडत होती आणि आता किती, एवढंच. 'अत्याधुनिक', 'युजर फ्रेंडली' हे शब्द नकोत, ते प्रत्येक अर्जात असतात.

नियमावलीची पीडीएफ जुन्या फाँटमधून आली आहे, कॉपी केली की भलतीच अक्षरं चिकटतात. ती पुन्हा युनिकोडमध्ये टाइप करून घे. चार पानंच आहेत.

प्रवेश शुल्काचं विचारलंस. शुल्क घेतात म्हणून स्पर्धा खोटी असं नाही, वेबी आणि ऑवर्ड्सही घेतात. परीक्षकांची नावं जाहीर आहेत का, आणि निकालानंतर सन्मानचिन्हाचे वेगळे पैसे मागतात का, हे दोन प्रश्न आयोजकांना विचार. गेल्या वर्षी एका ठिकाणाहून मला 'अभिनंदन, आपली निवड झाली आहे' असा मेल आला होता. मी अर्जच केला नव्हता. लोकांच्या मतांवर ठरणाऱ्या पुरस्कारासाठी व्हॉट्सॲपवर सगळ्यांच्या मागे लागणार असशील तर माझा नंबर वगळ.

मंडळाची लेखी संमती घे. फोटो ज्यांनी काढले त्यांची नावं दे. तयार थीम वापरलीस तर तसं लिही. ती कुठे मोडून बदललीस हे सांगितलंस तर उलट गुणच वाढतील.

मुदत रात्री बाराची असली तरी शेवटच्या तासात सर्व्हर हमखास बसतो, तेव्हा दोन दिवस आधी भर. मसुदा बुधवारपर्यंत मला पाठव, आणि माझ्याआधी ग्रंथपालांना वाचायला दे. तो रिक्षाचा किस्सा त्यांच्याच तोंडून पुन्हा ऐक, तू लिहिलंयस त्यात काहीतरी सुटलंय असं मला वाटतंय. पुस्तक नसलं तर ते रिक्षा करत नाहीत, बरोबर. मग त्या दिवशी काय करतात?