४२९४९६७२९७ ही मूळ संख्या आहे का?

नाही. दिसायला मात्र अगदी मूळ वाटते: विषम, शेवटी ७, आणि अंकांची बेरीज ५९ म्हणजे ३ नेही भाग जात नाही. ही संख्या म्हणजे २ चा ३२ वा घात अधिक १. २ चा १, २, ४, ८, १६ वा घात घेऊन १ मिळवला की येणाऱ्या आधीच्या पाचही संख्या (३, ५, १७, २५७, ६५५३७) मूळ आहेत, म्हणून हीसुद्धा मूळच असणार असं फ्रेंच गणिती फर्माला वाटलं होतं. स्विस गणिती ऑयलरने १७३२ मध्ये ती फोडून दाखवली:

४२९४९६७२९७ = ६४१ × ६७००४१७

हे दोन्ही अवयव मूळ आहेत, त्यामुळे एकूण विभाजक चारच.

६४१ सापडला कसा? सगळ्या मूळ संख्यांनी भागत बसायची गरज नसते. हिचा कोणताही मूळ विभाजक ६४ च्या पटीत १ मिळवून येणाराच असतो, हे सिद्ध करता येतं. मग तपासायला उरतात १९३, २५७, ४४९, ५७७ आणि ६४१. पाचव्या प्रयत्नात काम फत्ते! कागद-पेन्सिल घेऊन बसलात तर अर्ध्या तासाचंही काम नाही.

मला जास्त आवडते ती गंमत वेगळीच: ६४१ = ५×१२८ + १, आणि ६४१ = ६२५ + १६ सुद्धा. एवढ्या दोन ओळींवरून, भागाकार न करताच, नि:शेष भाग जातो हे सिद्ध होतं. करून बघा.