टिनाचं घर, खारं पाणी, कमी व्होल्टेज: एसी घ्यावा की कूलर?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गाव अमरावती जिल्ह्यातल्या दर्यापूर तालुक्यात, समोरची खोली टिनाची, मागची 10 बाय 12 ची स्लॅबची, बोअरचं पाणी खारं, रात्री व्होल्टेज पडतं आणि घरात वयस्कर आई. एसी बसवावा की कूलरच बरा?

माझं मत स्पष्ट आहे. आधी छत, मग कूलर. एसी घ्यायचाच झाला तर तो फक्त मागच्या स्लॅबच्या खोलीत, आईसाठी. टिनाखाली एसी लावू नका. टिन आणि भिंतीच्या फटीतून गार हवा निघून जाते, वरून तापलेलं टिन आग ओकतं आणि कॉम्प्रेसर दिवसभर थांबत नाही.

छताचं काम मार्चमध्येच उरका. स्लॅब घासून धुवा आणि भिजवून गाळलेल्या चुन्यात थोडा डिंक किंवा फेव्हिकॉल घालून दोन हात द्या. पावसात तो उतरतो, म्हणून दरवर्षी करावं लागतं. टिनावर चुना धरत नाही. तिथे गंज घासून, प्रायमर मारून उन्हाची झळ परतवणारा पांढरा रंग द्या. टिनावर पऱ्हाट्या किंवा तुराट्या (कपाशीच्या, तुरीच्या वाळल्या काड्या) पसरायची आपल्याकडे रीत आहे. सावली चांगली होते, पण उन्हाळ्यात एक ठिणगी पुरते. त्यापेक्षा टिनाखाली वीतभर जागा सोडून आतून दुसरं छत मारा आणि त्या पोकळीला दोन्ही टोकांना जाळी ठेवा, म्हणजे गरम हवा निघून जाईल.

आता कूलर. मे महिन्यात पारा 45 वर आणि हवेतला दमटपणा 15 टक्क्यांच्या आसपास असला, तर नीट भिजलेल्या गवताच्या ताट्यांतून येणारी हवा 29-30 अंशांपर्यंत उतरते. टिनाचा मोठा कूलर पंपासकट 200 ते 250 वॅट खातो, म्हणजे 10 तासांत अडीच युनिट. दीड टनाच्या एसीला तासाला एकच युनिट धरलं तरी 10 तासांचे 10 होतात. महिन्याचे 75 विरुद्ध 300. महावितरणचे घरगुती टप्पे 100, 300 आणि 500 युनिटांवर बदलतात, त्यामुळे पंखे-फ्रीज धरून एसीवालं बिल वरच्या दरात शिरतं.

मात्र बंद खोलीत कूलर काही कामाचा नाही. तो बाहेरची हवा ओढतो, तेव्हा तितकीच हवा बाहेर पडायला वाट हवी. समोरच्या बाजूची खिडकी उघडी ठेवा, नाहीतर तासाभरात चादरी ओलसर लागतात. कूलर उत्तरेच्या किंवा पूर्वेच्या खिडकीला, सावलीत लावा. पंप पंख्याच्या दहा मिनिटं आधी सुरू करा.

तुमच्या खारपाणपट्ट्यात खरा त्रास पाण्याचा. मोठा कूलर तासाला 15-20 लिटर पाणी पितो. पाणी उडतं, मीठ टाकीतच राहतं आणि दर भरणीला वाढत जातं. ताटीवर हात फिरवून बघा. एखादा पांढरा, कडक, कोरडा पट्टा लागला, तर वरच्या पन्हळीचं भोक क्षारानं बुजलंय आणि तिथून सरळ गरम हवा आत येतेय. खिळ्यानं भोक मोकळं करा. रोज सकाळी टाकीतलं उरलेलं पाणी सोडून द्या, पण झाडांना घालू नका. अशा पाण्याला महागडी हनीकोंब जाळी घेऊ नका. साधं गवत हंगामात दोनदा बदलणं स्वस्त पडतं. आठवड्यातून एकदा टाकी आतून घासा. डेंग्यूच्या डासाची अंडी काठाला चिकटून कोरडी राहिली तरी जगतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

पाऊस लागला की कूलर संपला. जुलैच्या दमट हवेत तो नुसती चिकचिक वाढवतो. आईंना तेव्हाही त्रास होत असेल, तरच एसीचा खर्च योग्य. चुना दिलेल्या स्लॅबखाली 120 चौरस फुटांना 1 टन, 5 स्टार, इन्व्हर्टर पुरतो. त्याची क्षमता बाहेर 35 अंश असताना मोजलेली असते. 45 ला ती घटते, म्हणून बाहेरचं युनिट पश्चिमेच्या भिंतीवर किंवा टिनावर ठेवू नका. घेण्याआधी मे महिन्यात रात्री 8 ते 10 मल्टिमीटरनं व्होल्टेज मोजा. 150 च्या खाली जात असेल तर डीपीवरच (गावच्या ट्रान्सफॉर्मरवर) लोड जास्त आहे. त्याची तक्रार आधी करा.

हिवाळ्यासाठी गरम-गार एसीला जादा पैसे घालू नका. आपली थंडी थोड्या आठवड्यांची, गोधडीत निघते. बंद खोलीत शेगडी मात्र ठेवू नका, तिच्या वायूनं झोपेतच जीव जातो.

आणि हे सगळ्यात आधी करा: अर्थिंग. टिनाच्या कूलरचा शॉक लागून दर उन्हाळ्यात माणसं दगावतात. पंपाची वायर पाण्यात कुजते, करंट पत्र्यात उतरतो, आणि ओल्या जमिनीवर अनवाणी उभं राहून कुणी पाणी भरायला जातं. तीन पिनांचा प्लग, अर्थिंगची तार थेट कूलरच्या पत्र्याला नटबोल्टनं कसलेली, आणि मेन बोर्डात 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारा खटका. त्याचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबून बघा. खटका पडला पाहिजे. पाणी भरताना नुसतं बटण बंद करून भागत नाही, प्लग काढून हातात घ्या. लेकरांनाही हेच शिकवा.