सोलापूरचा पियानो क्लास बर्लिनला न्यायचा असेल तर

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: संवादिनीत विशारद, पियानोला लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षेची आठवी ग्रेड, जुळे सोलापुरात बरीच वर्षं मुलांचा क्लास; बर्लिनला जाऊन हेच काम करायचं तर ही पार्श्वभूमी चालेल का? चालेल. खासगी पियानो शिकवायला जर्मनीत वेगळा परवाना लागत नाही. घोडं अडतं ते दुसरीकडे.

फ्रीलान्सर म्हणून जायचं की नोकरीवर, हे सोलापुरातच ठरवा. फ्रीलान्सरचा रहिवास परवाना तिथल्या रहिवास कायद्याच्या कलम २१, पोटकलम ५ खाली मिळतो आणि शिकवणं त्यात बसतं. अर्ज मुंबईच्या जर्मन वकिलातीकडे जातो, राष्ट्रीय व्हिसाची फी ७५ युरो. जमाखर्चाचा आराखडा, अनुभवाची पत्रं आणि आरोग्य विमा लागतो; नुसता प्रवास विमा पुरत नाही. वय ४५ च्या पुढे असेल तर म्हातारपणाची तरतूदही दाखवावी लागते. अर्ज कच्चा पडतो तो बहुधा तिथल्या ग्राहकांच्या पत्रांवर. 'आम्हाला शिकायला आवडेल' एवढंच लिहिलेलं पत्र काही कामाचं नाही. आठवड्याला किती तास, तासाला किती युरो, कधीपासून, हे आकडे त्यात हवेत.

संगीतशाळेत शिकवणार असाल तर हे नीट वाचा. २८ जून २०२२ ला जर्मनीच्या संघीय सामाजिक न्यायालयाने हेरेनबर्ग गावच्या संगीतशाळेतलं पियानो शिकवण्याचं फ्रीलान्स काम प्रत्यक्षात नोकरीच आहे, असा निकाल दिला. खोली शाळेची, पियानो शाळेचा, पालकांशी करार शाळेचा. मग शिकवणारा स्वतंत्र कसा, असा त्यातला मुद्दा. त्यानंतर बऱ्याच शाळा फ्रीलान्स करार मोडून नोकरीचे करार देऊ लागल्या. तिथल्या माणसाला ते बरंच, पण फ्रीलान्स परवान्यावर नोकरी आपोआप चालत नाही. सही करण्याआधी परदेशी नागरिकांच्या कार्यालयाकडून लेखी परवानगी घ्या. स्वतंत्र राहिलात तर कलाकारांच्या सामाजिक विम्याकडे, म्हणजे क्युन्स्टलरझोत्सियालकासेकडे अर्ज करा. संगीत शिकवणारेही त्यात येतात आणि विम्याचा साधारण निम्माच भार तुमच्यावर पडतो. वर्षाला किमान ३,९०० युरो उत्पन्न दाखवावं लागतं; पहिल्या काही वर्षांत सवलत आहे.

आता शिकवण्याचं. विशारद ही तुमची जमेची बाजू आहे, ती लपवू नका. ओळ आधी गाऊन घ्यायची आणि मग पट्ट्यांवर शोधायची, ही पद्धत तिथल्या मुलांनाही लागू पडते. मात्र पेटीवाल्याच्या दोन खोडी पियानोवर लगेच दिसतात. एक, भात्यावर वाढलेला डावा हात. उजवा पलटे झरझर घेतो आणि डावा दगडासारखा पडून राहतो. दुसरी, बोटं आडवी ठेवून पट्टी दाबणं. पेटीत पट्टी धरली आणि भाता चालू ठेवला की सूर टिकतो, लहानमोठाही भात्यानेच होतो. पियानोत हातोडी तारेवर आदळली की सूर विरायला लागतो, आणि तो किती मोठा येणार हे पट्टी किती वेगाने खाली गेली त्यावर ठरतं. म्हणून रोज वीस मिनिटं फक्त डावा हात, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला ६० वर, बोटं वाकवून, मनगट सैल. नोकरीच्या चाचणी तासाला शेजारी बसलेला माणूस हेच बघतो.

पट्ट्यांवर अक्षरांचे स्टिकर लावून शिकवत असाल तर ते आजच काढा. मुलं स्टिकर वाचतात, कागद वाचत नाहीत, आणि दोन्ही क्लेफ (उजव्या-डाव्या हाताच्या सुरांच्या ओळींची चिन्हं) एकदम आले की अडकतात. सुरांची नावं तर आणखी फसवी. आपली पांढरी सात, म्हणजे इंग्रजी 'बी', तिथे 'एच', आणि 'बी' म्हटलं की मूल काळी पाच वाजवतं. मेजर म्हणजे 'डुअर', मायनर म्हणजे 'मोल'. मुलांना शिकवायचं तर जर्मन बी-वन (भाषेची मधली पातळी) तरी हवी. जर्मन शिकवणाऱ्या गोएथे संस्थेचं केंद्र पुण्यात आहे, हुतात्मा एक्सप्रेसने जाऊन-येऊन भागतं.

फीचा हिशेब वेगळा. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत क्लास ओस पडला की आपल्याकडे पालक फी कापायला सांगतात. तिथे वर्षाची फी बारा समान हप्त्यांत घेण्याची पद्धत आहे; सुट्ट्या त्यात धरलेल्या असतात. करार लेखी करा, तास ३० किंवा ४५ मिनिटांचा धरा.

घर घेताना शेजाऱ्यांचा विचार आधी करा. २०१८ च्या एका ट्रम्पेटच्या खटल्यात तिथल्या सर्वोच्च दिवाणी न्यायालयाने घरी वाजवायला कामाच्या दिवशी दोन-तीन तास आणि रविवारी एक-दोन तास हा अंदाज दिला, तोही दुपारची आणि रात्रीची शांतता पाळून. घरातल्या शिकवण्यावर याहून कडक बंधन येऊ शकतं. म्हणून सरावाला ८८ वजनदार (खऱ्या पियानोसारख्या दाबायला जड) पट्ट्यांचा डिजिटल पियानो आणि हेडफोन घ्या, शिकवायला तासावर खोली. ६१ पट्ट्यांचा कीबोर्ड सोलापुरातच विकून टाका.