नवरा मॉर्मन चर्चमधून बाहेर पडलाय, सवयी अजून तिथेच आहेत

अगं, आधी आरतीचं बोलते, कारण तुला तेच सगळ्यात जास्त लागलेलं दिसतंय. तू लिहिलंयस की नवरा आयडाहोतल्या जुन्या मॉर्मन घरातला, मिशनला, म्हणजे चर्चच्या प्रचाराला, जाऊन आलेला, तुझ्याशी लग्न झाल्यावरही दर रविवारी एकटा वॉर्डात, म्हणजे आपल्या भागातल्या चर्चमधे, जाणारा, आणि गेल्या हिवाळ्यापासून त्याने जाणं बंद केलं, गारमेंट्स, म्हणजे कपड्यांच्या आत घालायचे धार्मिक कपडे, काढून खोक्यात भरले, पण चहा-कॉफी अजून घशाखाली उतरत नाही, रविवारी दुकानात जायला नको म्हणतो, आणि इतकी वर्षं हौसेने झांजा वाजवणारा माणूस यंदा गणपतीत आरती रंगात आल्यावर उठून बाहेर गेला. वर तुझ्या आईचं म्हणणं की आता तो मोकळा झालाय तर त्याला आपलं करून घे.

तो गणपतीवर रागावलेला नाही गं. मी युटात बरीच वर्षं राहतेय, माझा नवरा याच वाटेने गेला, त्याच्यामागून त्याची बहीण, आणि वॉर्डातली कितीतरी माणसं आमच्या स्वयंपाकघरात बसून रडून गेलीत, म्हणून एवढ्या ठामपणे सांगते. मॉर्मन मुलाला कळायला लागल्यापासून शिकवलेलं असतं की छातीत ऊब दाटून आली, डोळे भरले की तो पवित्र आत्मा, आणि हे सगळं खरं असल्याची खूण तीच. महिन्याच्या पहिल्या रविवारी उपास असतो आणि त्या दिवशी एकेक जण माइकपाशी जाऊन टेस्टिमनी, म्हणजे आपल्या विश्वासाची ग्वाही, देतो, अगदी तीन-चार वर्षांची पोरंसुद्धा, आई मागे उभी राहून कानात सांगते आणि पोर म्हणतं "मला माहीत आहे की हे चर्च खरं आहे". आता चाळिशीला आलेल्या माणसाला कळतं की ज्या भावनेच्या भरवशावर आपण मिशन केलं, पैसे दिले, पोरांची नावं ठेवली, ती भावना खऱ्याखोट्याचा निवाडा करू शकत नाही. आणि मग तुझ्या घरात टाळ्यांचा वेग वाढतो, सगळे एका सुरात म्हणायला लागतात, आणि नेमकी तीच ऊब परत छातीत येते. तो तिच्यापासून उठून गेला. म्हणून त्याला परत ये म्हणू नकोस, आणि दार लावूनही घेऊ नकोस, प्रसादाची वाटी ठेव त्याच्या वाटची आणि आरती चालू दे. माझ्या नवऱ्याला साधं गाणं निर्धास्तपणे ऐकायला लागायलाही बराच काळ गेला.

त्याने काय वाचलं ते तू विचारलंयस. बहुतेक लोकांना वाटतं कुणी चर्चविरोधी माणसाने कान भरले असतील. खरं तर 2013 ते 2015 या काळात चर्चने स्वतःच आपल्या वेबसाइटवर काही निबंध टाकले, त्यात मान्य केलं की चर्चचा संस्थापक जोसेफ स्मिथ याने बुक ऑफ मॉर्मन या त्यांच्या धर्मग्रंथाचं भाषांतर करताना एक खडा टोपीत ठेवून टोपीत तोंड घालून मजकूर सांगितला, आणि वॉर्डातल्या चित्रांत मात्र तो मूळ मजकुराच्या सोन्याच्या पत्र्यांवर बोट ठेवून वाचताना दाखवलेला. त्याच्या बायकांची संख्या जाणकार 30 ते 40 धरतात, त्यातली एक पंधरा वर्षं पूर्ण व्हायला काही महिने होते अशी मुलगी, हेही तिथेच आहे. बुक ऑफ अब्राहम हा त्यांचा दुसरा ग्रंथ ज्यावरून आलं म्हणायचे त्या पपायरसचे तुकडे 1967 मधे न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियमकडून चर्चला परत मिळाले आणि ते इजिप्तमधले नेहमीचे अंत्यविधीचे कागद निघाले. 1978 पर्यंत काळ्या पुरुषांना प्रीस्टहुड, म्हणजे धर्मकृत्यं करायचा अधिकार, मिळत नव्हतं, ते तर माझ्या नवऱ्याच्या आईवडिलांनी स्वतः बघितलेलं. लोक अशी एकेक शंका मनातल्या शेल्फवर ठेवत जातात, तिथे सगळे असंच म्हणतात, आणि एक दिवस शेल्फ मोडतं. तुझ्या नवऱ्याचं बहुतेक तेच झालंय, आणि ते झालं की विश्वास एका रात्रीत जाऊ शकतो. सवयी तशा जात नाहीत.

कॉफीचंच घे. वर्ड ऑफ विज्डम, म्हणजे खाण्यापिण्याबद्दलचं त्यांचं वचन, 1833 चं, त्यात सुरुवातीलाच लिहिलंय की ही आज्ञा नव्हे, पण पुढे विसाव्या शतकात ते टेंपलमधे, म्हणजे फक्त लायक ठरलेल्यांनाच आत सोडणाऱ्या त्यांच्या मंदिरात, प्रवेशाची अट झालं आणि तेव्हापासून चहा, कॉफी, दारू, तंबाखू वर्ज्य. कोक चालतो, चर्चने 2012 मधे तसं स्पष्ट केलं आणि चर्चच्या ब्रिगहम यंग युनिव्हर्सिटीत 2017 पासून कॅफिनवाला सोडा मिळायला लागला, म्हणजे प्रश्न कॅफिनचा नाहीच, आज्ञा पाळण्याचा आहे. आणि आपल्या घरात तर चहाशिवाय पान हलत नाही. माझ्या नवऱ्याने पहिल्यांदा स्वतःसाठी चहा केला तो मला आठवतोय, आलं किसून घातलं, मी करते तसाच, आणि सिंकपाशी उभ्याउभ्या प्यायला, कप लगेच धुतला, पुसला, जागेवर ठेवला आणि मग खिडकीकडे बघितलं की पडदा ओढलेला आहे ना. समोर बिशपचं, म्हणजे वॉर्डप्रमुखाचं, घर. त्याचा विश्वास तोवर कधीच गेलेला होता. तेव्हा तुझ्या नवऱ्याला "आता घे की, काय होतंय" असं कुणी म्हणायला नको, मित्रांनी तर अजिबातच नको. आणि उलटंही होतं, दारूबद्दल जपून राहा, कारण बाकीचे लोक विशीत हळूहळू शिकतात की आपल्याला किती झेपतं, हे लोक चाळिशीत एकदम सुरू करतात, पेग केवढा असतो हेही माहीत नसतं. युटात तर रक्तात 0.05 टक्के अल्कोहोल असताना गाडी चालवणं गुन्हा आहे, आयडाहोपेक्षा कडक, आमच्याकडे आलात तर गाडी तूच चालव.

गारमेंट्सचं खोकं तू गराजमधे बघितलंस आणि टाकून देऊ का विचारलंस. नको. ते त्याने टेंपलमधला मोठ्यांचा विधी झाल्यापासून, म्हणजे मिशनच्या वयापासून, रात्रंदिवस अंगावर घातलेत, आपल्याकडे देवावरचा विश्वास उडालेल्या माणसालाही जानवं कचऱ्यात टाकवत नाही ना, तसं समज. त्यावरच्या खुणा कापून मग कापड टाकायचं अशी तिकडची रीत आहे, आणि ती कात्री त्याने स्वतः हातात घेतली पाहिजे किंवा खोकं तसंच ठेवलं पाहिजे, दोन्ही ठीक. बाहेर पडणाऱ्या बायकांना तर हे फार जड जातं, माझ्या नणंदेला साधं बिनबाह्यांचं टीशर्ट घालून दुकानात जाताना आपल्याकडे सगळे बघतायत असं वाटायचं. तिने कानाला दुसरं भोक पाडलं त्या दिवशी केवढी खूश होती, 2000 मधे चर्चचे तेव्हाचे अध्यक्ष हिंकली यांनी बायकांनी कानातल्यांची एकच जोडी घालावी असं सांगितलेलं आणि ती तेव्हा शाळेत होती, दुसरी जोडी काढून ठेवलेली. आईने मिठी मारताना गारमेंटची शिवण हाताला लागली नाही तेव्हा आईला कळलं, त्या दिवशी कुणी काही बोललं नाही, मग आठवडाभर फोन नाही. तुझ्या सासूबाईंनाही असंच कळेल, त्याआधी त्याने स्वतः सांगितलेलं बरं.

पैशाचं लवकर सांगते. उत्पन्नाचा दहावा भाग टायदिंग, म्हणजे तुमच्या घरात आता दरमहा बरेच पैसे शिल्लक राहणार आणि त्याला ते खर्च करताना अपराधी वाटणार. त्यात 2023 मधे अमेरिकेच्या सिक्युरिटीज कमिशनने चर्चला आणि त्याच्या गुंतवणूक कंपनीला मिळून 50 लाख डॉलर दंड केला, गुंतवणुकीची माहिती नीट न दिल्याबद्दल, ते वाचून रागही असेल. आम्ही त्यातला थोडा भाग फूड बँकेला द्यायला लागलो आणि नवरा जरा सावरला, देणं त्याला आवडतच होतं.

रविवार मात्र खरंच अवघड. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं चर्च म्हणजे दोन तासांची सभा (2019 च्या आधी तीन तास असायची), पण वॉर्ड म्हणजे तुझ्या गल्लीतलीच माणसं असतात, हद्द ठरलेली, आणि प्रत्येकाला काहीतरी कॉलिंग, म्हणजे नेमून दिलेलं काम, कुणी पोरांना शिकवतं, कुणी पियानो वाजवतं. आमचा मुलगा झाला तेव्हा रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चच्या महिला मंडळाच्या, बायकांनी इतके दिवस डबे आणले की आईने पुण्याहून आल्यावर विचारलं या कोण तुझ्या, आणि मी मेंबर नव्हते कधीच. घर बदललं तेव्हा सकाळी सकाळी पुरुष ट्रक घेऊन हजर. हे एकदम जातं, किंवा येतं तेव्हा त्याला परत आणायला येतं, आणि ते त्याला लगेच ओळखू येतं कारण मिशनवर त्याने तेच केलेलं असतं. तुझ्या नवऱ्याला देवाची आठवण येत नसेल कदाचित, पण कुणीतरी आपली वाट बघतंय ही गोष्ट त्याच्या आयुष्यातून गेलीये. म्हणून रविवारी सकाळी ठरलेल्या वेळी ठरलेल्या माणसांबरोबर काहीतरी असू दे, डोंगरावर जा, कुणाकडे नाश्त्याला जा, काहीही, फक्त तो वेळ मोकळा सोडू नकोस. दुकानात नको म्हणतो तर शनिवारी आणा किराणा, त्यात तुझं काही जात नाही.

आणि सगळ्यात शेवटी जाते ती परवानगी मागायची सवय. बाराव्या वर्षापासून बिशपच्या खोलीत बसून तू लायक आहेस का याची उत्तरं दिलेली, नोकरी, लग्न, घर, सगळं प्रार्थनेत विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं, त्यामुळे आता साधा सोफा घ्यायचा तरी तो तुझ्या तोंडाकडे बघेल. किंवा दुसऱ्या टोकाला जाईल, रात्र रात्र पॉडकास्ट ऐकेल, एखादा लेखक नाहीतर डाएट पकडेल आणि त्याच ठाम आवाजात बोलेल ज्या आवाजात टेस्टिमनी द्यायचा. त्या वेळी वाद घालू नकोस, पण त्याच्यासाठी निर्णयही घेऊ नकोस, "तुला काय हवंय" एवढं विचार आणि गप्प बस, भले पाच मिनिटं जाऊ देत. इथेच मला तुझ्या आईचं पटत नाही. त्यांचं मन चांगलं आहे, पण आत्ता सत्यनारायणाला बसवलंत तर तो बसेलही, नाही म्हणायची सवयच नाहीये ना त्याला, आणि मग एका ठिकाणची लायकी सिद्ध करायची तशी दुसऱ्या ठिकाणी करत राहील. सोमवारी संध्याकाळी सगळ्यांनी घरी एकत्र बसायचं ही मॉर्मन घरांची रीत त्याला चालू ठेवायची असेल तर ठेवू दे, अडचणीच्या दिवसांसाठी तळघरात साठवलेल्या गव्हाच्या बादल्या राहू देत, डायरी लिहीत असेल तर लिहू दे. कुठलं मॉर्मन होतं आणि कुठलं त्याचं स्वतःचं हे त्याचं त्यालाच निवडू दे.

सासूबाईंचं दुःख खोटं नाही हेही लक्षात ठेव. टेंपलमधलं सीलिंग म्हणजे मेल्यानंतरही कुटुंब एकत्र राहणार, त्यांच्या मते मुलगा त्यातून निसटतोय, त्यांच्याशी इतिहासावर बोलून काही उपयोग नाही. दिराचं लग्न ठरतंय म्हणालीस, रेकमेंड, म्हणजे टेंपलचा प्रवेशपास, नसेल तर आता तुझ्या नवऱ्यालाही टेंपलच्या आत जाता येणार नाही, तू तर बाहेर होतीसच. पण 2019 पासून आधी सगळ्यांसमोर साधं लग्न आणि मग लगेच टेंपलमधे असं करता येतं, आधी त्यासाठी वर्षभर थांबायला लागायचं. दिराशी आत्ताच बोला, पत्रिका छापायच्या आधी.

लेक सात वर्षांची आहे म्हणतेस. आठ वर्षं पूर्ण झाली की त्यांच्यात बाप्तिस्मा होतो, आजी ड्रेसचं बोलायला लागलीच असेल. वाढदिवसाच्या बऱ्याच आधी तुम्ही दोघं बसून काय ते ठरवा, आणि ठरल्यावर आजीला फोन त्याने करायचा, तू नाही.