हळदीच्या पट्टीचे, म्हणजे अडत्याने केलेल्या विक्रीच्या हिशेबाचे पैसे बँकेत ‘क्रेडिट’ झाले, आणि खतवालाही ‘क्रेडिटवर घ्या’ म्हणतो. मग क्रेडिट म्हणजे जमा की उधारी?
दोन्ही: बँकेच्या मेसेजमध्ये क्रेडिट म्हणजे जमा, आणि दुकानात ‘क्रेडिटवर’ म्हणजे उधारीवर. मूळ लॅटिन ‘क्रेडेरे’, म्हणजे विश्वास ठेवणे. खतवाला तुमच्यावर विश्वास टाकून माल आधी देतो. तुम्ही बँकेवर विश्वास टाकून पैसे ठेवता, म्हणजे बँक तुमचं देणं लागते. पासबुक बँकेच्या बाजूने लिहिलेलं असतं, म्हणून तुमची ठेव तिथे क्रेडिटला दिसते. मी सांगलीच्या मार्केट यार्डात अडत दुकानाच्या वह्या लिहितो. दुकानाने बँकेत ठेवलेली रक्कम पासबुकात क्रेडिटला दिसते, पण आमच्या वहीत तीच बँकेच्या नावे, म्हणजे डेबिटला पडते. नवी मुलं हमखास इथेच अडखळतात, आणि त्यात त्यांची काही चूक नाही. ‘खात्यात क्रेडिट’ म्हणजे आले, ‘क्रेडिटवर घेतलं’ म्हणजे द्यायचे राहिले, एवढं धरून चाला. फक्त क्रेडिट कार्ड किंवा कॅश क्रेडिट खात्यावर (ठरलेल्या मर्यादेपर्यंत लागेल तसे पैसे उचलायचं कर्जखातं) ‘अव्हेलेबल’ म्हणून जी रक्कम दिसते ती तुमची शिल्लक समजू नका. तेवढं कर्ज अजून उचलता येईल इतकाच तिचा अर्थ, आणि कॅश क्रेडिटवर उचललेल्या दिवसापासून व्याज सुरू होतं.