एका वेळी एकच

अमळनेर
आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आदल्या आठवड्यात

बेटा,

तुझा मेसेज रात्री साडेबाराचा होता. म्हणजे तोवर तू जागी होतीस आणि सकाळी सहाला परत उठली असशील. त्यावर नंतर बोलते.

मुलगा मांडीवर बसून पाढे म्हणतोय, मुलगी शेजारी पाटीवर गिरवतेय आणि तू एका हाताने रिटर्न भरतेयस, असा फोटो पाठवलास. फोटो गोड आहे. पण त्याच्याच खाली लिहिलंस की एका पार्टीचं, म्हणजे गिऱ्हाईकाचं, जीएसटीचं ३बी रिटर्न विसाव्या तारखेनंतर गेलं, दिवसाला ५० रुपये लेट फी बसली, पुण्याच्या सरांनी मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर सुनावलं आणि त्या संध्याकाळी तू पोरावर हात उचललास. आणि मग मला विचारतेस, घरून करते ती नोकरी सोडू, की मुलांना घरी शिकवणं थांबवून शाळेत घालू?

यातलं काहीच आत्ता नको. आधी मांडीवरचं पोर खाली उतरव.

एका वेळी एकच. समोर मूल असेल तेव्हा काम नाही, समोर काम असेल तेव्हा मूल नाही. माझ्याकडे टॅलीवर हिशेब लिहायला शिकायला यायचीस तेव्हाही मी हेच सांगायचे, एका पार्टीचं खातं जुळल्याशिवाय दुसरीची फाईल उघडायची नाही. तेव्हा तू ऐकलंस म्हणून तुझा ताळेबंद पहिल्या फटक्यात जुळायचा. आता लेकरांच्या बाबतीत तेच सांगतेय तर तुला वाटतं की काकू कठोर बोलतात.

तू म्हणतेस, वेळ पुरत नाही. चल, हिशेब मांडू, तो तर आपला धंदाच आहे. शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीच्या शाळेला वर्षाला कमीत कमी २०० दिवस आणि ८०० तास शिकवायला सांगितलंय. म्हणजे दिवसाला चार तास. आणि ३० मुलांमागे एक शिक्षक. २४० मिनिटं ३० मुलांत वाटलीस तर एकेकाच्या वाट्याला आठ मिनिटं येतात. वर्ग असा वाटून शिकवत नाहीत, हे मलाही कळतं. पण तुझ्यासमोर दोनच मुलं आहेत, एक सात वर्षांचा आणि एक पाचची. फोन दुसऱ्या खोलीत ठेवून तू सकाळचे दोन तास त्यांना दिलेस तर या वयाला ते भरपूर झाले. वाचन, थोडं गणित, थोडं लिहिणं, एक गोष्ट. बालभारतीची पुस्तकं संस्थेच्या वेबसाइटवर फुकट मिळतात, त्यापलीकडे या वयात विकत आणण्यासारखं फारसं काही नाही. दिवसभर चालणारी शाळा घरी मांडायला तुला कोणी सांगितलं?

आणि दिवसांचं बघ. ३६५ मधून २०० गेले, १६५ उरले. तुझ्या कामाला दर महिन्यात रिटर्न भरायचे दोन घाट आहेत, ११ तारीख आणि २० तारीख. त्या दोन्ही तारखा आणि त्यांच्या आधीचे दोन-दोन दिवस मुलांना सरळ सुट्टी दे. महिन्याला सहा, वर्षाला ७२. तरी ९३ दिवस हातात राहतात. त्यात दिवाळी आली, कानबाई आली, लग्नं आली, ताप-खोकला आला. मग १९ तारखेला रात्री पोराला 'ऱ्हस्व की दीर्घ' विचारत बसायची तुला काय गरज? त्या दिवशी त्याला माती खेळू दे.

आता ज्या प्रश्नाला तू बगल दिलीस तो. तू काम करत असताना मुलांजवळ कोण?

सासूबाई आहेत, पण त्यांचे गुडघे दुखतात. नवऱ्याचं कृषी केंद्र आहे, आणि मृग लागला की तो घरी जेवायलाही येत नाही, हे तू दोनदा लिहिलंस. ठीक. पण जून-जुलै सोडून बाकीचे दहा महिने? दुकान सकाळी कितीला उघडतं? तुझ्या आख्ख्या मेसेजात त्याच्याकडे काही मागितल्याचं एक वाक्य नाही. सात ते नऊ तू मुलांना शिकवतेस, तर तेवढ्यात नाश्ता आणि डबा त्याने बघायचा. हे विनंती करून मागायचं नसतं, ठरवायचं असतं.

आणि साडेनऊपासून एक माणूस पगारावर ठेव. तुमच्या धुळ्यात, देवपुरात कॉलेजं आहेत, डी.एड. करणारी एखादी मुलगी मिळेल. नाही मिळाली तर गल्लीतली एखादी शहाणी मावशी. तिने शिकवायचं नाही. तिने फक्त मुलांपाशी असायचं, पडलं-झडलं तर उचलायचं आणि त्यांच्या हातात मोबाईल द्यायचा नाही. तुझ्या पगाराचा चौथा हिस्सा यात गेला तरी जाऊ दे. धाकटी पाचची आहे, अंगणवाडी दोन घरं सोडून आहे, तर सकाळी ती तिकडे गेली म्हणून तुझं घरचं शिक्षण बाटत नाही.

यावर तू काय म्हणशील ते मला माहीत आहे, कारण मला ते सगळ्यांनी ऐकवलंय. 'पोरं शिकवायला घरी ठेवली आणि सांभाळायला बाई ठेवली, मग ही कसली घरची शाळा?' मी तेव्हा उत्तर दिलं नाही. आज देते. आडतीच्या दुकानाचे आणि दोन डाळमिलचे हिशेब मी घरच्या मागच्या खोलीत बसून लिहायचे. त्याच सुमारास यांची कंपनी बंद पडली. यांना दुसरं काम लागेपर्यंत घर त्या वह्यांवर चाललं. मी नोकरी सोडून 'पूर्ण वेळ आई' झाले असते तर मुलं सहा महिन्यांत शाळेत गेली असती, कारण घरी शिकवायलाही आधी घर चालावं लागतं. त्या मागच्या खोलीला मी आतून कडी लावायचे. मुलगा दार वाजवायचा, रडायचा. मावशी त्याला उचलून बोरीच्या काठाने फिरवून आणायची. मी दार उघडलं नाही. आणि सकाळी सात ते नऊ आडत्याचा माणूस दारात उभा राहिला तरी त्याच्यासाठीही उघडलं नाही. त्याने दोनदा काम काढून घ्यायची धमकी दिली. काम गेलं नाही. ज्याला आपला हिशेब चोख मिळतो तो नऊपर्यंत थांबतो.

दसऱ्याला कापूस सुरू झाला की मार्च संपेपर्यंत मी फार थोडी घराची होते. माझ्या मुलीच्या लहानपणीचे मार्च महिने मला आठवत नाहीत. ती सायकल शिकली तेव्हा तिच्यामागे मावशी धावत होती. हे मला लागतं, अजूनही लागतं, आणि कोणी विचारलं तर मी ते लपवत नाही. पण पुन्हा ती वेळ आली तरी मी कडी लावीन. कडी लावली म्हणूनच सकाळचे दोन तास खरे होते. त्या दोन तासांत माझं लक्ष वहीत नव्हतं, ते मुलांना कळत होतं. अर्धं लक्ष दिवसभर मिळण्यापेक्षा त्यांना पूर्ण लक्ष थोडा वेळ मिळालं. माझी मुलं पुढे काय झाली ते मी तुला सांगणार नाही. लोक लगेच त्यावरून आईला मार्क देतात.

तुझ्या सासूबाई म्हणाल्या, साने गुरुजींसारखं झोकून द्यावं, नोकरीबिकरी कशाला. आमच्या गावात शिकवण्याचा विषय निघाला की गुरुजींचं नाव निघतंच, आणि निघावंच. १९२४ ते १९३० ते इथे प्रताप हायस्कुलात होते, छात्रालयातल्या पोरांचंही त्यांनी मायेने केलं. पण ते तिथे नेमलेले शिक्षक होते बेटा. शिकवणं हे काम आहे म्हणून त्याला पगार होता, आणि वर्गात उभं राहून ते आडत्याच्या वह्या लिहीत नव्हते. तू तेच काम बिनपगारी करतेस, पण काम ते कामच. त्याला त्याची वेळ दे.

कायद्याची भीती घालणारे भेटलेत म्हणतेस. २०१० पासून लागू असलेला कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचा आहे. कलम १० म्हणतं की मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य. त्या कलमात शिक्षा लिहिलेली नाही, पण घरच्या शिक्षणाला वेगळी मान्यताही कायद्यात कुठे नाही. म्हणून कागद जपून ठेव. मुलं काय वाचतात, काय लिहितात त्याच्या तारीखवार वह्या राहू देत. कलम ४ मुळे उद्या शाळेत घालावंसं वाटलं तर वयाला साजेशा वर्गात प्रवेश मिळतो. राष्ट्रीय मुक्त विद्यालय संस्थेच्या तिसरी, पाचवी, आठवीच्या तोडीच्या परीक्षा आहेत, दहावीला वयाची १४ वर्षं लागतात. राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे. दारं बंद होत नाहीत. पुढच्या वर्षी मुलगा स्वतः म्हणाला की मला शाळेत जायचंय, तर पाठव. त्यात तुझी हार मानू नकोस.

आणखी एक. सासूबाई मुलांशी अहिराणी बोलतात त्याची तुला काळजी वाटते, पुस्तकातली मराठी बिघडेल म्हणून. अजिबात अडवू नकोस. गच्चीवर बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालताना त्या नातवाला जे सांगतात ती तुझ्या दोन तासांपेक्षा मोठी शिकवणी आहे, आणि त्या वेळात तुझ्याकडून कोणी काही मागत नाही. सात वर्षांच्या पोराला दोन बोल्या सहज पेलतात. तू मात्र तिथे लॅपटॉप घेऊन बसू नकोस. गच्चीवर गेलीस तर बिबडे घाल.

दुपारचं ऊन पंचेचाळीसला टेकलंय, वीज जाते, आणि तू ते काम रात्री भरून काढतेस. साडेबाराचा मेसेज त्यातलाच. सरांना स्पष्ट लिही की मी साडेनऊ ते दीड आणि साडेतीन ते सहा कामावर असेन, त्याबाहेर फोन उचलणार नाही. इन्व्हर्टर घे, येत्या पगारात घे. सर चिडतील. चिडू देत. तुझ्याएवढ्या सफाईने जीएसटीचं टूबी (खरेदीवरच्या कराची यादी) जुळवणारं माणूस त्यांना त्या पैशात मिळायचं नाही, हे मला माहीत आहे आणि त्यांनाही.

रात्री दहानंतर मुलं झोपल्यावर 'थोडंसं काम उरकते' म्हणू नकोस. तो वेळ झोपेचा. एका वेळी एकच, यात झोपही आली.

आखाजीला माहेरी येशील तेव्हा दोन दिवस माझ्याकडे राहा. नवऱ्याला म्हणावं, मुलं तुझ्याकडे ठेव, दुकानात बसव त्यांना. बियाण्याच्या पाकिटावरचं वजन आणि किंमत वाचायला लाव. त्याआधी वेळापत्रक कागदावर लिहून त्याचा फोटो मला पाठव. त्यात कोणत्या वेळी मुलांजवळ कोण असणार हे नावानिशी हवं. 'बघू' असं लिहिलेलं मला चालणार नाही.

तुझी
काकू